कल्पना नावाचं इथे कुणी राहत नाही

फरीदाबादच्या ज्या रंगाच्या कारखान्यात नीरजा मोघे काम करायची, त्या कारखान्याने १९९५ साली ओसाकाच्या एका कंपनीशी करार केला. तोवर दिल्लीच्या रस्त्यांवर बहुतेक पांढऱ्या, फार तर बदामी मोटारी दिसायच्या. आता नव्या कंपन्यांच्या गाड्या येणार होत्या. चंदेरी, मरून, मोरपंखी, ऊन पडलं की आतून चमकणाऱ्या. ते रंग इथेच तयार करायचे होते, आणि ते शिकायला प्रयोगशाळेतल्या दोघांना तीन महिने जपानला पाठवायचं ठरलं. एक मानस त्रिपाठी आणि दुसरी नीरजा.

नीरजाच्या निवडीचं कुणाला नवल वाटलं नाही. रंग लावलेले दोन पत्रे शेजारी ठेवले की यंत्राने आकडा दाखवायच्या आधीच ती सांगायची, "यात निळा जरा जास्त झालाय." यंत्र बहुधा तेच म्हणायचं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई, वासंतीबाई, गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. फरीदाबादच्याच सेक्टरमधलं हे घर त्यांचे यजमान रिटायर झाल्यावर घेतलेलं. त्याआधीची वीस-बावीस वर्षं दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली होती. यजमान आता नव्हते. घरात वासंतीबाई, मुलगा दिनकर, सून नीरजा आणि नात स्वानंदी.

"जपान?" वासंतीबाई म्हणाल्या. "थंडी असेल ना तिथे?"

"असेल. पण आई, तीन महिने स्वानंदीचं..."

"तिचं मी बघीन. तू जा."

दिनकर सरकारी खात्यात इंजिनिअर होता. मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी त्याने पासपोर्ट काढला होता. तो म्हणाला, "काही नाही गं त्यात. मॅट्रिकचं सर्टिफिकेट, राशन कार्ड आणि फोटो. माझा तर महिन्याभरात आला."

नीरजाने सगळ्यांच्या जेवणानंतर कपाटातून फाइल काढली. दहावीचं सर्टिफिकेट, बारावीचं, नागपूरची डिग्री. सगळ्यांवर नाव होतं कल्पना पद्माकर देशकर. राशन कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, कारखान्याच्या ओळखपत्रावर नाव होतं नीरजा दिनकर मोघे.

लग्नात तिचं नाव बदललं त्याला कारण होतं. दिनकरच्या बहिणीचं नाव कल्पनाच होतं. एका घरात दोन कल्पना, हाक मारली तर ओ कुणी द्यायची, असं वासंतीबाईंनी म्हटलं आणि नीरजा हे नाव काढलं. ते सगळ्यांना पसंत पडलं, तिलाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्या दुसऱ्या कल्पनाचंही लग्न झालं आणि ती इंदूरला जाऊन अहिल्या झाली. घरात एकही कल्पना उरली नाही.

पुढे नीरजा कारखान्यात लागली तेव्हा तो जुन्या लालाजींच्या हातात होता. त्यांनी डिग्री पाहिली, एक पत्रा पुढे ठेवून रंग विचारला, आणि म्हणाले, "बेटी, रजिस्टर में क्या नाम लिखें?" तिने नीरजा मोघे सांगितलं. विषय तिथेच संपला होता.

पासपोर्टच्या काउंटरवर तो विषय पुन्हा सुरू झाला. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. त्याने कागद दोनदा चाळले.

"मॅडम, ये कल्पना कौन है?"

"मैं ही हूँ."

"और नीरजा?"

"वो भी मैं हूँ."

"शादी के बाद सरनेम बदलता है, ये तो रोज देखते हैं. लेकिन आपका तो पूरा नाम ही बदल गया. पिताजी का नाम हटकर पति का आ गया. तीन में से एक भी शब्द वही नहीं है."

"हमारे महाराष्ट्र में ऐसा होता है."

"होता होगा जी," तो म्हणाला. "लेकिन कागज़ में तो ये दो औरतें हैं."

मग काय काय लागेल ते त्याने सांगितलं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला. नवरा-बायकोचं दोघांच्या फोटोसह ॲफिडेव्हिट. नाव बदलल्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, एक माहेरच्या गावच्या आणि एक इथल्या. आणि दोन्ही पत्त्यांवर पोलीस चौकशी.

बाहेर आल्यावर मानस भेटला. त्याचे कागद दुसऱ्या खिडकीवर जमा झाले होते. त्याच्याकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं, राशन कार्ड होतं आणि फोटो होते.

दिनकर म्हणाला, "एवढंच ना? करून टाकू." त्याने खरंच मनापासून केलं. पण लग्नाची नोंद कधी झालेलीच नव्हती. नागपूरच्या मंगल कार्यालयात लग्न झालं, जेवणं झाली, पत्रिका फ्रेम करून ठेवली, नोंदणी कुणाच्या डोक्यातही आली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून दोघं नागपूरला गेली. नीरजाच्या भावाने लग्न लावणाऱ्या गुरुजींना शोधून काढलं. ते आता फार थकले होते, पण रिक्षात बसून कचेरीत आले आणि सही केली. दाखला मिळाला. त्यावर लिहिलं होतं की दिनकर मोघे यांचा विवाह कल्पना देशकर हिच्याशी झाला. नीरजाचं नाव त्यात कुठेच नव्हतं, कारण लग्न लागलं त्या घटकेला ती नीरजा नव्हती.

"म्हणजे कागदावर माझं लग्न कल्पनाशी झालंय आणि मी राहतो नीरजाबरोबर," दिनकर परतीच्या गाडीत म्हणाला. तो हसला. ती हसली नाही. मग तो म्हणाला, "सॉरी. मला वाटलं होतं तुझं काम माझ्यासारखंच असेल."

ॲफिडेव्हिट करायला फरीदाबादच्या कोर्टात जायचं होतं. त्या दिवशी वासंतीबाई आपणहून बरोबर निघाल्या. "साक्षीला कुणी लागलं तर," म्हणाल्या. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिस्ट टेबलं मांडून बसले होते. दिनकर वकिलाशी बोलत होता आणि दोघी बाकावर बसल्या होत्या. पलीकडे टायपिस्ट टाइप करता करता मोठ्याने वाचत होता, मैं दिनकर, सुपुत्र स्वर्गीय अमुक, शपथपूर्वक बयान करता हूँ कि नीरजा मेरी पत्नी है.

"माझं नाव खरं आहे हे त्याने सांगायचं," नीरजा म्हणाली. "त्याच्या पासपोर्टाला माझी सही लागली नव्हती."

वासंतीबाई म्हणाल्या, "मी ग्वाल्हेरला सुमित्रा होते. सांगितलंय ना तुला कधी?"

"नाही, आई."

"होते. शाळा चौथीपर्यंत. आता ती शाळाही नाही. बाबांच्या घरातले कागद पुरात गेले. दादा होता तोवर मला सुमे म्हणायचा. तो गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला जर कुणी म्हटलं, सुमित्रा होतीस हे सिद्ध कर, तर माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नाही बघ." त्या हे अगदी सहज सांगत होत्या. "तुझ्याकडे कागद तरी आहेत."

"म्हणूनच अडलंय ना."

"तेही खरं." वासंतीबाईंनी पदर सारखा केला. "नाव बदलताना तुला विचारायला हवं होतं. माझ्या ते मनातच आलं नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून असेल."

"मला आवडलं होतं नाव," नीरजा म्हणाली. "अजून आवडतं."

"ते वेगळं."

मग दिनकरने हाक मारली आणि दोघी सही करायला उठल्या.

जाहिराती छापून आल्या. कागद जमा झाले. पावतीवर नाव पडलं, कल्पना उर्फ नीरजा. आता फक्त पोलीस चौकशी राहिली होती. इकडे मानसचा पासपोर्ट आला, व्हिसाही झाला, आणि कारखान्याच्या पर्सोनेल मॅनेजरनी नीरजाला बोलावलं.

"मोघे मॅडम, ऐसा करते हैं, इस बार चोप्रा को भेज देते हैं. उसके कागज़ तैयार हैं. आप अगले बैच में."

चोप्रा कारखान्यात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. नीरजाने त्यांना विचारलं की दुसरी तुकडी नक्की आहे का. ते म्हणाले, होईल. तिने विचारलं, कुठे लिहिलेलं आहे का. ते म्हणाले, लिहिलेलं नाही.

"तो लिख दीजिए, सर," ती म्हणाली. "इतना लिख दीजिए कि दूसरे बैच में मेरी जगह पक्की है. आजकल मुझे बोली हुई बात पर भरोसा नहीं रहा."

मॅनेजर थोडे चपापले. पण त्यांनी डायरेक्टरना विचारलं, आणि दोन दिवसांनी तसं पत्र तिच्या हातात पडलं. त्यासाठी आभार मानावेत की नाही हे तिला कळेना. तिने मानले.

नोव्हेंबरच्या शेवटी मानस आणि चोप्रा गेले. जाण्याआधी मानस तिच्या टेबलाशी आला. तिने तयार केलेल्या मरून रंगाचे काही पत्रे त्याने मागून घेतले. "तिथल्या लोकांना दाखवतो. हे काम तुमचं आहे हे सांगूनच दाखवीन," असं तो हिंदीत म्हणाला आणि त्याने पत्रे वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवले. माणूस चांगला होता. त्याच्यावर रागावता येत नव्हतं. काउंटरवरच्या माणसावर, दिनकरवर, वासंतीबाईंवर, कुणावरच येत नव्हतं. राग तर होता. रात्री भांडी आवरताना तो हातात यायचा आणि ताटं नको तितक्या जोरात वाजायची. स्वानंदी विचारायची, "आई, तू गुस्सा आहेस?" ती म्हणायची, "रागावलीस म्हण. गुस्सा हिंदीत."

जानेवारीत पासपोर्ट कचेरीचं पत्र आलं. चौकशीचा अहवाल प्रतिकूल आला होता. दोन्हीकडून.

नीरजा आणि दिनकर शोध घेत गेली तेव्हा झालं ते कळलं. इथला शिपाई आला तेव्हा घराला कुलूप होतं. वासंतीबाई स्वानंदीला शाळेतून आणायला गेल्या होत्या. त्याने खालच्या मजल्यावर विचारलं, "कल्पना यहीं रहती है?" खालच्या भाटियाबाई म्हणाल्या, कल्पना नावाचं इथे कुणी राहत नाही. वर मोघे राहतात, त्यांची सून नीरजा. शिपायाने पहिलं वाक्य लिहिलं. नागपूरचा शिपाई भावाच्या घरी गेला तेव्हा वहिनी एकटीच होती. ती म्हणाली, कल्पनाताई इथे राहत नाहीत, लग्न होऊन दिल्लीला गेल्या. त्यानेही तेवढंच लिहिलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

भाटियाबाईंना फार वाईट वाटलं. त्या वर येऊन पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "मुझे क्या पता था, नौ साल से तो नीरजा ही सुना है." नीरजाने त्यांना चहा दिला आणि समजावलं.

भावाने फोनवर एक नाव सुचवलं. भावना वासनिक. कॉलेजात चार वर्षं नीरजाच्या शेजारच्या टेबलावर प्रॅक्टिकल करणारी. ती आता दिल्लीतच केंद्र सरकारात अधिकारी होती, लक्ष्मीबाई नगरला राहत होती. "तुला दोन्ही नावांनी ओळखणारं सरकारी माणूस म्हणजे तीच," भाऊ म्हणाला.

रविवारी दुपारी नीरजा एकटीच गेली. वासंतीबाईंनी जुन्या सवयीने रस्ता सांगितला होता, मार्केटच्या मागून जा, डावीकडे पार्क लागेल. तिसऱ्या ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दारावर दोन पाट्या होत्या. धम्मदीप गजभिये. भावना का. वासनिक.

दार उघडलं. भावना जाड झाली होती, चष्मा लागला होता. तिने क्षणभर पाहिलं.

"कल्पे!"

कॉलेज सुटल्यापासून नीरजाला असं कुणी म्हटलं नव्हतं. भाऊसुद्धा आता ताई म्हणायचा. ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली आणि भावनाने तिला दंडाला धरून आत घेतलं.

धम्मदीप बाहेरच्या खोलीत मुलाचा गणिताचा अभ्यास घेत होता. तो उठला, चहा ठेवायला आत गेला. सगळं ऐकून घेतल्यावर भावना म्हणाली, "मोठ्या अधिकाऱ्याचा दाखला असतो, त्यावर लवकर काम होतं. पण माझं पद तेवढं नाही. मी उगाच हो म्हणणार नाही. आणि माझे साहेब तुला ओळखत नाहीत, त्यांना मी सांगणारही नाही. ॲफिडेव्हिट मात्र मी करीन. तुला कल्पना म्हणून ओळखते, आणि हीच नीरजा आहे, असं. उद्याच करीन."

"तू नाव बदललं नाहीस," नीरजा म्हणाली.

"कसं बदलणार? माझं जातीचं सर्टिफिकेट बाबांच्या नावाने. नोकरी त्याच्यावर. बाबांनी लग्नातच धम्मदीपच्या घरच्यांना सांगितलं होतं, पोरीचं नाव भावना काशीनाथ वासनिकच राहील. ते लोक चांगले, काही म्हणाले नाहीत." ती हसली. "पण सुटले असं समजू नकोस. मुलाच्या शाळेत विचारतात, तुम्ही आईच ना? मग आडनाव वेगळं का? क्वार्टरच्या कागदात विचारतात, दवाखान्याच्या कार्डाला विचारतात. मागे परगावी हॉटेलात रूम देईनात आम्हाला. मी लग्नाचा दाखला पर्समध्ये घेऊन फिरते. तू बदललंस म्हणून तुला विचारतात, मी बदललं नाही म्हणून मला."

आतून धम्मदीप चहा घेऊन आला. "मला कुणी काही विचारत नाही," तो म्हणाला. "एकदा मी मुद्दाम विचारलं एकाला, माझा दाखला बघायचा नाही का? तो म्हणाला, सर, आप क्यों मज़ाक कर रहे हैं."

बराच वेळ मग त्या दोघी नागपूरचं बोलत राहिल्या. कोण कुठे आहे, कोणाचं काय झालं, प्रॅक्टिकलला फुटलेल्या बाटल्या. निघताना भावना म्हणाली, "मी तुला काय म्हणू गं आता? नीरजा म्हणायचं का?"

"तू कल्पनाच म्हण."

भावनाने दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ॲफिडेव्हिट केलं, आणि पुढच्या आठवड्यात ती स्वतः नीरजाबरोबर पासपोर्ट कचेरीत आली. अधिकारी लोकांना भेटतात त्या वारी दोघी रांगेत उभ्या राहिल्या. आत अधिकारी बाई होत्या, पंजाबी, पन्नाशीच्या. नीरजाने जाड फाइल पुढे ठेवली. बाईंनी दोन्ही अहवाल वाचले, मग भावनाचं ॲफिडेव्हिट, मग लग्नाचा फोटो उचलून नीरजाकडे पाहिलं.

"दोनों रिपोर्ट सही हैं," त्या म्हणाल्या, "और दोनों से कुछ पता नहीं चलता." त्यांनी समासात काहीतरी लिहिलं. "दोबारा जाँच होगी. इस बार दोनों नाम लिखकर भेज रही हूँ. घर पर रहिएगा."

या वेळी घरी सगळेच राहिले. वासंतीबाईंनी शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं. शिपाई आला तेव्हा भाटियाबाई त्याच्याबरोबर जिना चढून वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "भाईसाहब, यही कल्पना है, यही नीरजा है. लिखिए." त्याने लिहिलं, चहा घेतला आणि गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी पासपोर्ट आला. तोवर मानस परत आला होता. नवी प्रयोगशाळा उभी राहत होती आणि तिचा प्रमुख म्हणून त्याचं नाव लागलं. जो तिकडे शिकून आला त्यालाच ते पद द्यायचं, हे आधीच ठरलं होतं. नीरजाला ते नोटीस बोर्डवर वाचून कळलं. मानस तिला म्हणाला, "ये कुर्सी आपकी भी हो सकती थी." ती म्हणाली, "हो सकती थी." त्याने मान खाली घातली. त्यानंतर ते दोघं नेहमीसारखे कामाला लागले, कारण मरून रंग अजूनही उन्हात तपकिरी दिसत होता.

दिनकरला तिने त्या रात्री गॅलरीत सांगितलं. तो म्हणाला, "भांडायचं का?"

"कुणाशी?"

तो तिच्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "स्वानंदीचे सगळे कागद एकदा नीट लावून ठेवूया."

"लावू," ती म्हणाली. "आणि तिला सांगू, पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल. कुणी काढलेलं नाव कितीही गोड असलं तरी."

दुसरी तुकडी मार्चअखेर गेली. तीन महिन्यांऐवजी सहाच आठवडे. नीरजाबरोबर पुण्याच्या शाखेतला एक जण होता. ओसाकाच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी वयस्कर शिक्षकाने दिव्याखाली दोन पत्रे ठेवले आणि इतर देशांतून आलेल्यांसह सगळ्यांना विचारलं, फरक दिसतो का. बाकीचे यंत्राकडे वळले. ती म्हणाली, उजवीकडच्यात पिवळा किंचित जास्त आहे. त्याने पत्रा उचलून पुन्हा पाहिला आणि तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. दिवसभर ती तिथेच बसून शिकत होती.

रविवारी तिने घरी फोन केला. लाइनीत खरखर होती. वासंतीबाईंनी उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी बोलतेय, आई."

"हां, बोल बोल. जेवलीस का? तिथे भात मिळतो म्हणे."

"मिळतो. चिकट असतो, पण मिळतो."

"चिकट असू दे. दही मिळतं का बघ. आणि ऐक, स्वानंदीला पहिला नंबर आलाय ड्रॉइंगमध्ये. थांब, देते तिला. ए स्वानंदी, धाव."

मागून पोरीची पावलं वाजत आली.